शाळेतील संगणक व खिशातील मोबाइल : नित्याच्या कामात अधिक उपयोग कसा करावा



काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत घडलेला प्रसंग प्रारंभी सांगतो. पाचवीतील एका मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, परंतु रक्कम खात्यात जमा होईना. तिचे वडील मजुरी करणारे. एक दिवसाची मजुरी बुडवून ते बँकेत गेले, तेथून शाळेत आले, पुन्हा बँकेत गेले. अर्ज बरोबर होता, पासबुक बरोबर होते. शेवटी मुख्याध्यापकांनी पासबुक व शाळेने पाठविलेली यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक अंक ताडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. खातेक्रमांक सोळा अंकी होता. त्याचा शेवटचा अंक ७ होता. यादीत तो शून्य झाला होता.

लिहिणाऱ्या शिक्षकाने ७ हाच अंक दाबला होता. बदल केला तो संगणकाने. एक्सेलसारख्या तक्त्यात लिहिलेली संख्या केवळ १५ अंकांपर्यंत अचूक राहते. त्यापुढील प्रत्येक अंकाच्या जागी तो तक्ता मुकाट्याने शून्य मांडतो. हे ज्यास ठाऊक नाही, त्याची मेहनत वाया जाते आणि त्याचे फळ एखाद्या निरपराध मुलीस भोगावे लागते.

आज बहुतेक प्राथमिक शाळांत एखादा संगणक आहे आणि जवळजवळ प्रत्येक शिक्षकाजवळ मोबाइल आहे. तथापि या साधनांच्या शक्तीचा अल्प भागच आपण वापरतो, आणि उरलेल्या भागाच्या अज्ञानामुळे कधी कधी नुकसानही होते. शिक्षकाचा वेळ हा प्रथम वर्गाचा आहे. पत्रके, याद्या व माहिती यांत तो जितका कमी खर्च होईल तितका मुलांच्या वाट्यास अधिक येईल. याच हेतूने नित्याच्या अनुभवातील काही सूचना येथे क्रमवार दिल्या आहेत. त्यांसाठी नवे यंत्र विकत घेण्याची आवश्यकता नाही.

१. याद्या व तक्ते

वरील प्रसंगातील दोषाचे निवारण सोपे आहे. क्रमांक लिहिण्यापूर्वी तो स्तंभ निवडावा व त्याचा प्रकार 'टेक्स्ट' असा ठेवावा. मग संगणक त्या अंकांस संख्या न समजता अक्षरे समजतो व जसेच्या तसे ठेवतो. एखादाच क्रमांक असेल तर त्याच्या आधी एक अवतरणचिन्ह (') द्यावे, म्हणजे तोच परिणाम होतो. मात्र क्रमांक आधी लिहून नंतर स्तंभाचा प्रकार बदलल्यास गेलेले अंक परत येत नाहीत; ते पुन्हा लिहावे लागतात. सरल प्रणालीतील विद्यार्थी-क्रमांक १९ अंकी असल्याने तेथे हा धोका विशेष आहे. १२ अंकी आधार क्रमांकाचे अंक नाहीसे होत नाहीत, परंतु तो विचित्र संक्षिप्त रूपात दिसू लागतो. प्रारंभी शून्य असलेल्या क्रमांकातील ते शून्यही गळून पडते. या सर्वांस उपाय एकच : जे अंक बेरीज-वजाबाकीसाठी नाहीत, ते सर्व 'टेक्स्ट' म्हणून लिहावेत.

दुसरी सूचना अशी की, मुलांची मूळ यादी एकच असावी. पुष्कळ ठिकाणी शिष्यवृत्तीची यादी वेगळी, गणवेशाची वेगळी, आरोग्य तपासणीची वेगळी अशी प्रत्येक वेळी नव्याने लिहिली जाते. आणि प्रत्येक नव्या लेखनात एखादे नाव वा जन्मतारीख चुकते. त्याऐवजी जनरल रजिस्टरवरून एक मूळ यादी तयार करावी. तीत नाव, आईचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, रजिस्टर क्रमांक व इतर आवश्यक बाबी प्रत्येकी स्वतंत्र स्तंभात असाव्यात. मागणी येईल तेव्हा 'फिल्टर' लावून हवी ती इयत्ता वा हव्या त्या मुली निवडाव्यात व तेवढाच भाग नव्या पानावर उतरवावा. मूळ यादीची एकदा दोघांनी मिळून तपासणी करावी : एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावे. असे दोन तास खर्च केले की वर्षभराचे श्रम वाचतात.

तक्ता लांब असल्यास खाली जाताना वरील शीर्षके दिसेनाशी होतात व एका रकान्यातील माहिती दुसऱ्यात जाते. यासाठी 'फ्रीझ पेन्स' ही सोय वापरून शीर्षकांची ओळ स्थिर करावी. बेरजेसाठी गणकयंत्र शोधीत बसू नये. अंकांच्या खालच्या रिकाम्या घरात जाऊन 'ऑल्ट' ही कळ धरून बरोबरचे चिन्ह दाबावे व 'एंटर' करावे. एक्सेलमध्ये वरील अंकांची बेरीज आपोआप येते. शालेय पोषण आहाराचा मासिक हिशेब ज्यांस करावा लागतो, त्यांस ही युक्ती विशेष उपयोगी पडेल. तथापि पहिल्या महिन्यात तीच बेरीज हातानेही करून ताळा घ्यावा.

२. मराठी लेखन

शाळेच्या संगणकावर जुने मराठी लेखन उघडावे आणि त्याऐवजी अनाकलनीय चिन्हे दिसावीत, हा अनुभव अनेकांस आला असेल. याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्वीच्या अनेक फाँटांत संगणक आतून रोमन अक्षरेच साठवीत असे. फाँट त्यांस केवळ मराठी अक्षरांचा मुखवटा चढवीत असे. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. असे लेखन कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर वाचता येते, शोधता येते व अकारविल्हे लावता येते.

आपले लेखन कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. एक ओळ निवडून तिचा फाँट बदलून पाहावा. अक्षरांचे वळण बदलले पण मराठी मराठीच राहिली, तर ते युनिकोड होय. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ते लेखन जुन्या पद्धतीचे आहे. ज्या संगणकावर ते नीट दिसते तो संगणक बिघडण्यापूर्वीच त्याचे रूपांतर करून घ्यावे.

टंकलेखनासाठी 'इनस्क्रिप्ट' ही कळमांडणी शिकावी, अशी आग्रहाची सूचना आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. हिची रचना आपल्या वर्णमालेसारखीच तर्कशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. 'क'च्या कळीवर 'शिफ्ट' धरले की 'ख' येतो, 'ग'वर 'घ'. रोज पंधरा मिनिटे सराव केल्यास काही आठवड्यांत हात बसतो. विंडोज संगणकात भाषांच्या यादीत मराठी जोडून घ्यावी. त्यानंतर विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत जाता येते.

मराठीची एक खास गरज येथे नमूद करतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील भेद तर सर्वश्रुत आहे. हा अर्धा ऱ लिहिता न आल्याने अनेक छापील पत्रकांत दऱ्यांचा दर्या होतो. इनस्क्रिप्टमध्ये 'र'च्याच कळीवर 'शिफ्ट' धरून 'ऱ' उमटवावा, त्यास हलन्त द्यावा व पुढे 'य' वा 'ह' लिहावा. फळ्यावर जे शुद्ध लिहितो ते पडद्यावरही शुद्धच लिहिले पाहिजे.

ज्यांस टंकलेखन जमत नाही त्यांनी मोबाइलच्या कळफलकावरील ध्वनिग्राहकाचे चिन्ह दाबून बोलून पाहावे. गूगलच्या ध्वनिलेखनात २०१७ सालापासून मराठीचा समावेश आहे. सावकाश व स्पष्ट बोलल्यास बहुतेक मजकूर बरोबर उमटतो. विरामचिन्हे व विशेषनामे मात्र स्वतः तपासावीत.

३. काही कळींची ओळख

खालील मोजक्या कळी पाठ केल्यास नित्याचे काम बरेच हलके होते. प्रत्येक वेळी 'कंट्रोल' ही कळ धरून दुसरी कळ दाबावयाची आहे.

'झेड' : नुकतीच झालेली चूक मागे घेणे. मजकूर पुसला गेला तर घाबरून काही न करता प्रथम हीच कळ दाबावी.

'एस' : काम साठविणे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. प्रत्येक परिच्छेदानंतर ही कळ दाबण्याची सवय हाताला लावावी.

'एफ' : शोधणे. तीनशे नावांतून एक नाव डोळ्यांनी शोधू नये.

'एच' : वर्डमध्ये वा एक्सेलमध्ये एक शब्द शोधून त्याजागी दुसरा घालणे. मागील वर्षाच्या पत्रातील जुने साल सर्व ठिकाणी एकदम बदलता येते.

'पी' : छापणे. येथे मुद्रणयंत्राऐवजी 'पीडीएफ' निवडल्यास कागद न वापरता पाठविण्याजोगी प्रत मिळते, आणि तिची मांडणी दुसरीकडे बिघडत नाही.

याखेरीज, विंडोज १० व त्यापुढील आवृत्त्यांत विंडोजची कळ धरून 'व्ही' दाबले असता यापूर्वी नक्कल केलेल्या अनेक गोष्टींची यादी मिळते. प्रथम एकदा ती सोय चालू करावी लागते.

४. मोबाइल : टिपणवही, छायाचित्रक व ध्वनिमुद्रक

दाखल्याची वा पत्राची प्रत पाठविताना त्याचे साधे छायाचित्र काढू नये. गूगल ड्राइव्हसारख्या साधनातील 'स्कॅन' ही सोय कागदाच्या कडा ओळखून, तो सरळ करून अनेक पानांची एकच पीडीएफ बनविते. कागद खिडकीजवळ सपाट ठेवावा आणि आपली सावली त्यावर पडू देऊ नये. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पाठविल्यास ते आकुंचित होऊन अक्षरे पुसट होतात. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोचते.

मोबाइल भरून गेला म्हणून नवा घेण्याचा विचार करण्यापूर्वी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधील साठवणीची यादी पाहावी. शुभप्रभाताची चित्रे व पुन्हा पुन्हा आलेल्या चित्रफिती यांनीच बहुधा जागा व्यापलेली असते. गटांतील चित्रे आपोआप उतरविण्याची सोय बंद ठेवावी. बॅटरीचा मुख्य शत्रू उष्णता होय. वैशाखातील उन्हात मोबाइल मोटारसायकलवर उघडा ठेवू नये, आणि चार्ज होत असताना तो उशीखाली वा दप्तरात दडपू नये.

ध्वनिमुद्रकाचा उपयोग फार थोडे शिक्षक करतात, ही खेदाची गोष्ट आहे. वाचनात मागे असलेल्या मुलाचे वाचन महिन्यातून एकदा मुद्रित करावे. तीन महिन्यांनी त्याचे पहिले व आजचे वाचन त्यालाच ऐकवावे. आपली प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या मुलास दुसऱ्या बक्षिसाची गरज भासत नाही.

तसेच गावातील आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, सण-उत्सवांची गाणी व जुन्या दुष्काळांच्या आठवणी मुलांकडून मुद्रित करवाव्यात. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. तेवढे मोठे कार्य आपल्याकडून होणार नाही. परंतु एका गावाच्या दहा ओव्या एका शाळेने जपल्या तरी ते मोलाचेच आहे. गाणाऱ्या बाईंची संमती आधी घ्यावी आणि नोंदीत गाव व दिनांक लिहावा.

५. अध्यापनात उपयोग

भूगोलाचा एक पाठ असा घ्यावा. गूगल अर्थ उघडून चांदवड शोधावे. दोन बोटांनी पडदा कलता केला की सपाट नकाशातून सातमाळेची रांग उभी राहते. चांदवडचा किल्ला, इंद्राई, राजधेर, कोळधेर व पलीकडे धोडप हे मुलांनी ओळखावेत. मुंबई-आग्रा महामार्गावर बोट ठेवून राहुड घाटातून मालेगावच्या दिशेस जावे. मग प्रश्न विचारावा : रस्ता येथूनच का काढला असेल? आपल्या गावाचा ओढा कोणत्या बाजूस वाहतो व का? उत्तर पडद्यावर न शोधता मुलांना शाळेबाहेर नेऊन प्रत्यक्ष डोंगराकडे पाहून द्यावयास लावावे. पडदा दहा मिनिटे व परिसर तीस मिनिटे, हे प्रमाण चांगले.

पाठ्यपुस्तके हरविल्यास वा उशिरा मिळाल्यास बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्यांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या मंचावरील साहित्यही आधी उतरवून ठेवता येते. ज्या वाडीवर संपर्क मिळत नाही तेथील शिक्षकाने चांदवडला वा घरी असतानाच पुढील आठवड्याचे साहित्य मोबाइलमध्ये घ्यावे. वर्गात उभे राहून संपर्काची वाट पाहणे म्हणजे चाळीस मुलांचा वेळ एकदम गमावणे होय.

मोबाइल मुलाच्या हाती द्यावयाचा असेल तर अँड्रॉइडमधील 'ॲप पिनिंग' ही सोय चालू करावी. त्यामुळे समोरचा पाठ सोडून मूल दुसरीकडे जाऊ शकत नाही.

साधी साधने कल्पकतेने वापरल्यास काय साधते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील पाठांना क्यूआर चिन्हे जोडून त्यांद्वारे ध्वनी, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोचविले. २०२० साली त्यांस १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. क्यूआर चिन्ह १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निर्माण झाले होते. कारखान्यातील वस्तू एका शिक्षकाने पुस्तकात आणली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. असे चिन्ह आपणही विनामूल्य तयार करू शकतो. त्यात केवळ दुव्याचा पत्ता असतो. म्हणून दुवा बदलला की चिन्ह निरुपयोगी होते. वह्यांवर चिकटविण्यापूर्वी ते दुसऱ्या मोबाइलवर तपासावे.

६. जतन

संगणक हा केव्हातरी बिघडणारच, असे गृहीत धरून चालावे. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी पेनड्राइव्हवर व तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर, म्हणजे ड्राइव्हसारख्या दूरस्थ साठ्यात. शाळेसाठी स्वतंत्र खाते उघडावे. ते एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यावर ठेवल्यास त्यांच्या बदलीबरोबर शाळेची माहितीही बदलून जाते. धारिकेस 'नवीन १', 'अंतिम', 'अंतिम खरे' अशी नावे न देता साल, इयत्ता व विषय या क्रमाने नाव द्यावे. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे या कामास नेमून द्यावीत.

७. सावधगिरी

शिक्षकाचा शब्द गावात प्रमाण मानला जातो. म्हणून या बाबतीत आपण स्वतः दक्ष राहून पालकांसही दक्ष केले पाहिजे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो केवळ पैसे देण्यासाठी असतो. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. लग्नपत्रिका वा शासकीय योजनेचा अर्ज म्हणून आलेल्या धारिकेच्या नावाअखेर 'एपीके' असेल तर ती उघडू नये. ती पत्रिका नसून मोबाइलचा ताबा घेणारे साधन असू शकते. कांद्याचे पैसे नुकतेच खात्यात जमा झालेल्या शेतकऱ्यास ही एक चूक पूर्ण हंगामाच्या किमतीस पडते. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

मुलांची आधार क्रमांकासह यादी गावाच्या गटावर टाकू नये. मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांस विचारावे. मुलाची माहिती शाळेकडे ठेव म्हणून असते. ती वाटून टाकण्याचा अधिकार आपणास नाही.

समारोप

प्रारंभी सांगितलेल्या मुलीचा क्रमांक दुरुस्त करून पाठविण्यात आला व पुढे तिची रक्कम जमा झाली. दुरुस्तीस दोन मिनिटे लागली. दोष सापडण्यास मात्र कित्येक महिने. या लेखातील सर्व सूचना एकदम अमलात आणण्याचा आग्रह नाही. एका आठवड्यास एक, याप्रमाणे त्या हाताळून पाहाव्यात, आणि जी जमली ती शेजारच्या शाळेतील सहकाऱ्यास प्रत्यक्ष दाखवावी. यंत्राने वाचविलेला वेळ फळ्याकडे वळला, तरच ते यंत्र शाळेच्या कामी आले असे म्हणता येईल.

केंद्रातील शिक्षण परिषदेत करावयाची कामे

१) सोळा अंकी एखादा कल्पित क्रमांक तक्त्यात साध्या पद्धतीने व 'टेक्स्ट' पद्धतीने लिहून फरक पाहा.

२) आपल्या शाळेतील जुन्या मराठी लेखनाची फाँट बदलून परीक्षा करा. कोणते लेखन रूपांतरित करावे लागेल, त्याची यादी करा.

३) 'दऱ्या', 'तऱ्हा', 'आचाऱ्यांना' हे शब्द इनस्क्रिप्टमध्ये शुद्ध लिहा.

४) आपल्या गावाचा ओढा उगमापासून नदीपर्यंत गूगल अर्थवर शोधा व त्यावर चौथीसाठी पाच प्रश्न काढा.

५) शाळेचा संगणक आज बंद पडल्यास कोणती माहिती कायमची जाईल? तिच्या तीन प्रतींची व्यवस्था कोण, केव्हा व कशी करणार, हे लिहून काढा.